भिंतीवरच्या नोंदणी प्रमाणपत्रात दडलेली गावदेवीची गोष्ट

सोसायटीच्या ऑफिसात नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं असतं. कधी जवळ जाऊन वाचलंत तर वर्गीकरणापुढे 'गृहनिर्माण संस्था' आणि उपवर्गापुढे बहुतेक ठिकाणी 'भाडेकरू सहभागीदारी' असं लिहिलेलं दिसेल. वीस-वीस वर्षं हप्ते फेडून घर घेतलेला माणूस तिथेच अडखळतो. घर माझं, कर्ज मी फेडलं, मग मी भाडेकरू कसा?

पुनर्विकासाच्या बातम्यांनी हा गोंधळ आणखी वाढवला आहे. मानीव अभिहस्तांतरण, ५१ टक्के संमती, स्वयंपुनर्विकास हे शब्द रोज कानावर पडतात आणि ज्यांच्या घराचा प्रश्न आहे तेच सभेत गप्प बसतात. या सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: इमारत आणि तिच्याखालची जमीन कोणाची? मुंबईत त्याचं एक उत्तर १९१५ साली गावदेवीत दिलं गेलं. तुमच्या प्रमाणपत्रावरचा तो उपवर्ग त्याच उत्तरातून आला आहे.

प्लेगनंतरची मुंबई

१८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण सापडले. पुढच्या काही महिन्यांत लोक शहर सोडून पळू लागले. दाटीवाटीची, अंधारी, निचऱ्याची सोय नसलेली घरं हे रोगाचं घर आहे, असं सरकारचं मत झालं आणि १८९८च्या कायद्याने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुनी वस्ती पाडायची, रुंद रस्ते काढायचे, मोकळ्या जमिनीवर आखीव वस्ती वसवायची, असं त्याचं काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याची आखणी ही सारी त्याच ट्रस्टची.

ट्रस्टने घरं पाडली झपाट्याने, बांधली मात्र सावकाश. त्यामुळे बेघर झालेली माणसं शेजारच्या चाळींत शिरली आणि भाडी वाढली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तर ती इतकी चढली की १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा आणावा लागला.

गिरगाव चौपाटी आणि ग्रँट रोड यांच्यामधली, मलबार हिलच्या पायथ्याची गावदेवी ही ट्रस्टने नव्याने आखलेल्या वस्त्यांपैकी एक. तिच्या आसपास फार मोठ्या गोष्टी घडल्या. जवळच्या गोवालिया टँकपाशी, गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात १८८५च्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. लॅबर्नम रोडवरच्या मणिभवनात १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की उतरत. १९३२च्या जानेवारीत त्यांना पहाटे अटक झाली ती तिथूनच. 'छोडो भारत'ची हाक १९४२च्या ऑगस्टमध्ये गोवालिया टँकच्या मैदानावर दिली गेली. या स्मृतींचे फलक आहेत, तिथे सहली येतात. कारकुनी पगारावर जगणाऱ्या काही कुटुंबांनी याच वस्तीत घरासाठी जे केलं, त्याकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष जात नाही. माझ्या मते आपल्या रोजच्या जगण्यावर त्याचा परिणाम तितकाच खोल आहे.

गावदेवीत काय घडलं

कारवार, कुमठा, होन्नावर, मंगळूर या किनाऱ्यावरून चित्रापूर सारस्वत समाजातली शिकलेली तरुण मुलं नोकरीसाठी मुंबईत येत होती. सरकारी कचेऱ्या, रेल्वे, बँका, पेढ्या. पगार बेताचा. गिरगावच्या चाळीत खोली मिळाली तर नशीब. ओळीने खोल्या, समोर गॅलरी, टोकाला सामायिक नळ आणि संडास. मालक केव्हाही भाडं वाढवणार आणि केव्हाही 'खोली खाली करा' म्हणणार.

या समाजातले श्रीपाद सुब्राव तालमकी हे सहकाराने झपाटलेले गृहस्थ होते. १९०४च्या कायद्याने हिंदुस्थानात फक्त पतपुरवठ्याच्या सहकारी संस्था काढता येत होत्या. त्याखाली त्यांनी १९०६ मध्ये आपले गुरू शामराव विठ्ठल कायकिणी यांच्या नावाने पतसंस्था काढली. आजची शामराव विठ्ठल सहकारी बँक ती हीच. १९१२च्या नव्या कायद्याने पतपुरवठ्यापलीकडच्या कामांसाठीही सहकारी संस्था नोंदवायची वाट मोकळी केली. तीन वर्षांत, १९१५ मध्ये, सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली आणि ट्रस्टच्या गावदेवी इस्टेटीतली जमीन भाडेपट्ट्याने घेऊन तिने इमारती बांधल्या.

तिला आशियातली पहिली गृहनिर्माण संस्था म्हणण्याची रीत आहे. बंगळुरात १९०९ मध्येच घरबांधणीची सहकारी संस्था निघाली होती, म्हणून त्या मानाच्या वादात मी पडत नाही. मुंबईपुरती मात्र हीच वाट पाडणारी, आणि ती आता शंभरी ओलांडून गेली आहे.

पद्धत अशी. सभासदांनी संस्थेचे समभाग घ्यायचे. त्या भांडवलावर संस्थेने कर्ज उभारायचं आणि इमारत बांधायची. सभासद तिथे दरमहा भाडं भरून राहायचे. पण ते भाडं ज्या मालकाला द्यायचं, तो मालक म्हणजे त्या सगळ्यांची मिळून झालेली संस्था. भाड्यातून कर्ज फिटणार, दुरुस्ती होणार, आणि कोणी एकटा कोणाला बाहेर काढू शकणार नाही. इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या ईलिंग इथे १९०१ पासून असा प्रयोग चालू होता आणि त्याला 'टेनंट को-पार्टनरशिप' म्हणत. तुमच्या प्रमाणपत्रावरची 'भाडेकरू सहभागीदारी' ती हीच. दुसरा प्रकार 'भाडेकरू मालकी'चा. त्यात जमीन संस्थेकडे राहते आणि प्रत्येक सभासद आपल्या वाट्याच्या प्लॉटवर स्वतःचं घर बांधतो. बंगल्यांच्या सोसायट्या बहुधा त्या प्रकारच्या असतात.

मग फ्लॅट माझा की नाही?

तुमचाच. पण 'तुमचा' म्हणजे काय, ते नीट समजून घ्यावं लागेल.

गावाकडच्या वाट्याच्या विहिरीचं उदाहरण घ्या. चार भावांची मिळून एक विहीर असते आणि प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली असते. ती पाळी हा खरा हक्क आहे. ती मुलांना मिळते, जमिनीबरोबर विकली जाते, तिच्यासाठी लोक कोर्टात जातात. पण कोणी म्हटलं, 'माझा पाव हिस्सा मी बुजवून टाकतो', तर ते होत नाही. सोसायटीत फ्लॅट वापरण्याचा, भाड्याने देण्याचा, विकण्याचा, वारसांना देण्याचा हक्क तुमचा. जमीन आणि इमारत मात्र सगळ्यांची मिळून, म्हणजे संस्थेची.

तुमचा हक्क त्यामुळे कच्चा ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं की सहभागीदारी सोसायटीतला सभासदाचा फ्लॅटवरचा हक्क ही हस्तांतर करता येण्याजोगी मालमत्ता आहे आणि कर्जवसुलीसाठी तिच्यावर जप्तीही येऊ शकते. बँका फ्लॅटवर कर्ज देतात ते याच आधारावर.

जुन्या भागप्रमाणपत्रावर पाच समभाग, प्रत्येकी ५० रुपयांचे, असं दिसतं. अडीचशे रुपयांचा तो कागद घरात सर्वांत जपून ठेवायचा कागद आहे, कारण संस्थेच्या मालकीतलं तुमचं स्थान त्याने सिद्ध होतं. आणि कायद्याने प्रत्येक सभासदाला एकच मत असतं. चार खोल्यांचा फ्लॅट असो की एका खोलीचा, मत एक. समभागांच्या कंपनीत पैशाला मत असतं, इथे माणसाला आहे. हे मला या साऱ्या रचनेतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

पागडीच्या इमारतींचं काय झालं?

त्याच गिरगाव-गावदेवी पट्ट्यात दुसऱ्या प्रकारच्या इमारतीही आहेत. त्यांचा मालक एक आणि भाडेकरू अनेक. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. त्या काळी ते गरजेचं होतं, नाहीतर हजारो कुटुंबं रस्त्यावर आली असती. पण पुढची पन्नास वर्षं भाडी जवळजवळ तिथेच राहिली. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि तो करीना. भाडेकरूही म्हणे, इमारत माझी नाही, मी कशाला पैसे घालू? खोली हातबदल होताना वरचे पैसे, म्हणजे पागडी, घेण्याची रीत पडली. कायद्याने तिला मान्यता मिळाली ती १९९९च्या भाडेनियंत्रण कायद्यात.

इमारती कोसळू लागल्या तेव्हा सरकारने १९६९च्या कायद्याने दुरुस्ती मंडळाची तरतूद केली आणि जुन्या इमारतींवर उपकर, म्हणजे दुरुस्तीसाठीचा जादा कर, लावला. बेटावरच्या शहरात, म्हणजे उपनगरं सोडून जुन्या मुंबईत, अशा उपकरप्राप्त इमारती १९ हजारांवर होत्या. दर पावसाळ्यात धोकादायक इमारतींची जी यादी वर्तमानपत्रात येते, ती या इतिहासाची आहे.

सोसायटीत दुरुस्ती कोणी करायची हा वादच उरत नाही. राहणारा आणि मालक एकच. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीच्या सरकारी नमुन्यात, दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्ती-पुनर्बांधणीच्या शिलकीसाठी, ०.२५ टक्के बाजूला काढायला सांगितलं आहे. मासिक बिलात हे रकाने पाहून कुरकुर करणाऱ्यांनी जवळची एखादी पागडीची इमारत आतून पाहून यावी.

बिल्डर मधे कुठून आला?

गावदेवीत आधी संस्था झाली, मग तिने जमीन घेतली आणि शेवटी इमारत उभी राहिली. आज हा क्रम उलटा आहे, आणि माझ्या मते आपली निम्मी दुखणी या उलट्या क्रमातून आली आहेत.

भाडी गोठल्यावर भाड्याने द्यायला कोणी इमारत बांधेना. पन्नासच्या दशकात 'ओनरशिप'चे फ्लॅट विकण्याचा धंदा सुरू झाला. बिल्डर जमीन घेई, इमारत बांधे, फ्लॅट विके आणि जमीन स्वतःच्याच नावावर ठेवी. तक्रारी इतक्या वाढल्या की १९६३ मध्ये महाराष्ट्राने 'मोफा' हा मालकीच्या फ्लॅटांचा कायदा केला. त्यानुसार पुरेसे खरेदीदार झाले की बिल्डरने सोसायटी नोंदवायची आणि नोंदणीनंतर चार महिन्यांत जमीन-इमारतीची मालकी तिच्या नावाने करून द्यायची. या मालकी देण्याच्या दस्तालाच अभिहस्तांतरण म्हणतात, बोलीभाषेत कन्व्हेयन्स.

पुष्कळ बिल्डरांनी ते केलंच नाही. कारण साधं आहे. जमीन नावावर असेल तर उद्या वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, त्यांना मिळणार. लोकांनाही पाणी, लिफ्ट, पार्किंग यांतून डोकं वर काढायला वेळ नव्हता. सोसायटी नोंदली, कमिटी निवडली, सत्यनारायण केला, आणि तीस वर्षं मिळकत पत्रिकेवर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, दुसऱ्याचंच नाव राहिलं.

२००८ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने यावर उपाय दिला. बिल्डर सहीला येत नसेल तर सोसायटी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करते. ते दोन्ही बाजू ऐकून आदेश देतात आणि बिल्डरच्या सहीशिवाय दस्त नोंदवता येतो. हेच मानीव अभिहस्तांतरण. २०१६च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्याने नव्या प्रकल्पांसाठी मुदत आणखी आवळली असून भोगवटा प्रमाणपत्रापासून, म्हणजे इमारत वापरायला परवानगी देणाऱ्या दाखल्यापासून, तीन महिन्यांत मालकी द्यायला सांगितलं आहे.

'पण ती सोसायटी एका जातीचीच होती ना?'

होती. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये.

त्या काळी तारण देण्यासारखं ज्यांच्याकडे काही नव्हतं, त्यांची पत म्हणजे ओळख. कोण कोणाचा, कुठल्या गावचा, शब्दाला जागणारा की नाही, हे जातीच्या माणसांना ठाऊक असे. म्हणून पतसंस्थाही समाजाच्या आणि घरांच्या संस्थाही समाजाच्या झाल्या. त्याने त्या माणसांना आधार मिळाला. पण ज्या समाजांकडे शिक्षण नव्हतं, पगारी नोकऱ्या नव्हत्या, त्यांच्यासाठी ही वाट बंदच राहिली.

बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला घर कोणी देईना. एका पारशी विश्रामगृहात ते राहिले आणि जात कळल्यावर लोक काठ्या घेऊन त्यांना बाहेर काढायला आले. मुंबईत त्यांचं कुटुंब बरीच वर्षं परळच्या बीआयटी चाळीत राहत होतं. गावदेवीत ज्याची जमीन संस्थेला मिळाली, त्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेली ही चाळ. पुढे १९३०च्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं. सहकारी घरांचा इतिहास सांगताना ही बाजू गाळली तर तो इतिहास अर्धा राहतो.

कायदा आज काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारी उपविधी वैध ठरवली. एकत्र येऊन संघटना काढण्याच्या स्वातंत्र्यात सभासद कोण असावेत हे ठरवणंही येतं, असा त्या निकालाचा आशय. म्हणजे नोंदणीकृत उपविधीत अशी अट असेल तर ती टिकू शकते. पण तुमच्या-माझ्या सोसायटीच्या उपविधीत अशी काही अट नसते. तिथे 'अमक्या धर्माच्या माणसाला फ्लॅट विकू नका', 'मांसाहारी भाडेकरू नको' असं कमिटीने सांगणं याला त्या निकालाचा आधार नाही. कमिटी तोंडी दबाव आणते आणि सभासद भिडेपोटी ऐकतो, एवढंच. ते ऐकू नये, असं माझं ठाम मत आहे.

'५१ टक्के हो म्हणाले आणि मी नको म्हटलं तर?'

२०१९च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाच्या विशेष सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर हवेत आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती हवी. तशी ती मिळाली की निर्णय सगळ्यांना लागू होतो. मुंबई उच्च न्यायालयाने अनेक प्रकरणांत, विरोध करणाऱ्या मोजक्या सभासदांना जागा रिकामी करायला सांगितलं आहे. जमीन-इमारत संस्थेची असते आणि संस्था बहुमताने चालते, ही गावदेवीची मूळ कल्पनाच इथे तुमच्या दारात येते.

हे ऐकून वयस्कर माणसं घाबरतात आणि त्यांची भीती रास्त आहे. नव्या इमारतीत देखभाल खर्च वाढेल, तो पेन्शनीत भागेल का? मधली चार वर्षं भाड्याच्या घरात कुठे जायचं? बिल्डर मधेच पळाला तर? हे प्रश्न सभेत विचारून इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत. संमती देण्यापूर्वी करारनाम्याचा मसुदा, बँक हमीची रक्कम, तात्पुरत्या भाड्याची तरतूद आणि नव्या फ्लॅटचं चटईक्षेत्र लेखी मागावं. मत देऊन झाल्यावर कोर्टात जाणं महाग पडतं आणि बहुधा उपयोगाचं ठरत नाही.

'पण कमिटी म्हणजेच सोसायटी ना?'

नाही. सर्वाधिकार सर्वसाधारण सभेचे असतात. कमिटी पाच वर्षांसाठी निवडलेली असते आणि सभेने ठरवलेलं अमलात आणणं हे तिचं काम. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हायला हवी. हिशेब, सभासद नोंदवही, सभेची इतिवृत्तं पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला कायद्याने दिला आहे. चहा-समोशासाठी थांबून विषय न वाचता सही करणं आपण बंद केलं पाहिजे.

जमीन पट्ट्यावरची असेल तर

गावदेवीसारख्या वस्त्यांत आणखी एक गुंता आहे. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला आणि त्याच्या जमिनी पालिकेकडे आल्या. त्यावरच्या सोसायट्यांकडे जमिनीची पूर्ण मालकी नसून दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा असतो. इमारत त्यांची, जमीन पालिकेची. तिथे पट्टा किती वर्षांचा, कोणत्या अटींवर, नूतनीकरण झालं का, पुनर्विकासाला पालिकेची परवानगी कशी घ्यायची, हे आधी पाहावं लागतं. म्हाडा किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या जमिनीवरच्या सोसायट्यांचंही साधारण असंच.

सध्या बोलबाला आहे तो स्वयंपुनर्विकासाचा, म्हणजे बिल्डर न आणता सोसायटीनेच कर्ज काढून, वास्तुविशारद आणि ठेकेदार नेमून इमारत बांधायची. २०१९ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी सवलतींचा निर्णय काढला. लोकांना ही नवी कल्पना वाटते, पण १९१५ मध्ये तालमकी आणि त्यांच्या सोबत्यांनी केलं ते याहून वेगळं नव्हतं. मोठ्या सोसायटीला हे झेपतं. सोळा-वीस घरांच्या सोसायटीत मात्र रोज साइटवर उभा राहील असा माणूस नसेल, तर बिल्डरच बरा असं मी सांगेन.

दोन्ही वाटांवर वकील आणि बँक पहिल्यांदा मागतात ती मिळकत पत्रिका. भूमी अभिलेख कार्यालयातून तिची प्रत कोणालाही काढता येते. तिच्यावर सोसायटीचं नाव नसेल तर लागणारे कागद साधेच आहेत: सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांचे नोंदवलेले खरेदी करार किंवा इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा सरकारी उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र किंवा ते नसेल तर सोसायटीचं स्वयंघोषणापत्र, आणि अर्ज करण्याचा सभेचा ठराव. विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, असं पत्र सचिवांना देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला कोणत्याही एका सभासदाला कमिटीची परवानगी लागत नाही.